पाहणीच्या दिवसाचं वेळापत्रक

विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही. सामान ठेवायची ती जागा माणसाच्या छातीपर्यंतच येते. आत जाणारा गुडघ्यांवर चालतो, गुडघ्यांवरच वळतो आणि फिरत्या पट्ट्यावरून आलेली बॅग पोटाशी घेऊन मागे सरकवतो. बाहेर काम करणाऱ्याला ऊन लागतं, वारा लागतो, पण त्याची पाठ सरळ राहते. म्हणून आत जायला सहसा कोणी पुढे होत नाही. दमान्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं आतच काढली.

दमाने हे त्यांचं आडनाव नव्हतं. नवीन माणसाला ते आडनावच वाटायचं आणि हजेरीत सापडेना की तो गोंधळायचा. ते सगळ्यांना एकच गोष्ट सांगत, दमाने घ्या. बॅग दमाने उचला, शिडी दमाने लावा, जेवताना घास दमाने चावा. त्यांच्या मेहुण्याचं म्हणणं असं, की ताईला मागणी घालायचं ठरवायलाच भाऊजींनी दोन वर्षं घेतली. आमच्या पाळीचे ते मुकादम. कोणी कमरेत वाकून बॅग उचलली तर ती परत खाली ठेवायला लावत आणि गुडघे मोडून पुन्हा उचलायला सांगत. माणसाचं वय विचारत नसत. गुडघ्यांना बांधायला त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्यांना जुन्या गाडीच्या गादीचे दोन तुकडे कापून पट्ट्या शिवून दिल्या होत्या.

आमचा विमानतळ लहान. सकाळी एक विमान, संध्याकाळी एक, आणि दोन्हींत रिकाम्या खुर्च्या. मधल्या वेळात आम्ही धावपट्टीकडेचं गवत कापायचो, पांढऱ्या रेषा रंगवायचो. पाळ्या दोन, प्रत्येकीत पाच माणसं. दुसऱ्या पाळीचा मुकादम मास्तर. शाळेशी त्याचा संबंध नव्हता, पण कोणी काही बोललं की तो त्यातली चूक काढायचा, म्हणून मास्तर. विमानतळ बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. मग साहेब, म्हणजे विमानतळाचे व्यवस्थापक, दुसऱ्या शहरात भाड्याची जागा बघायला लागले. तेव्हा आम्हाला कुजबुज खरी वाटली.

त्याच सुमाराला स्वस्त तिकिटांच्या एका विमान कंपनीचा माणूस गावात आला. त्याच्या हातात सतत थांबवायचं घड्याळ असे, त्यामुळे पुढे त्याचं नाव घड्याळवाला पडलं. पण तो आधी विमानतळावर आलाच नाही. तो बसस्थानकाबाहेर उभा राहिला, जिथे दमान्यांच्या मेहुण्याची गाडी लागायची. मेहुणा लोकांना लांबच्या मोठ्या विमानतळावर सोडायचा. पहाटे निघायचं, डुलक्या घेत चार तास जायचं. घड्याळवाल्याने त्याला चहा पाजला आणि विचारलं, गाडी भरते का, कोण लोक असतात, पुढे कुठे जातात. मेहुण्याने छाती फुगवून सगळं सांगितलं. गाडी कायम भरलेली असते, दोन दोन दिवस आधी सांगावं लागतं. परगावी कामाला असलेले, शिकणारे, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, सुट्टीवर आलेले. कुठल्या शहराला किती जातात तेही त्याने बोटांवर मोजून सांगितलं.

"साधा माणूस होता, भाऊजी," तो घरी येऊन म्हणाला. "आपलं कौतुक करत होता."

पुढे आम्हाला कळलं की अशी कंपनी विमानतळाची इमारत बघत नाही. तिथून माणसं हाल काढत दुसरीकडे किती जातात ते बघते. विमान उतरवण्याचं शुल्क किती कमी करून मिळेल ते बघते. आणि तिसरं, विमान जमिनीवर टेकल्यावर किती लवकर पुन्हा वर जाईल ते बघते. पहिल्या गोष्टीचं उत्तर मेहुण्याने दिलं आणि आपल्याच गाडीच्या पोटावर पाय आणला. दुसरी गोष्ट साहेबांच्या हातात होती, त्यांनी शुल्क जवळजवळ सोडूनच दिलं. तिसरी आमच्या हातात होती.

ती तिसरी समजायला आम्हाला वेळ लागला. एकच विमान सकाळी आपल्या घरून निघतं आणि दिवसभर या गावातून त्या गावात फिरून रात्री घरी जातं. हवेत असलं की ते कमावतं. उभं असलं की खातं. म्हणून पुढून मागून दोन्हीकडे शिड्या लावायच्या, माणसं चालत उतरवायची, बॅगा काढायच्या, खुर्च्या झाडायच्या, नव्या बॅगा भरायच्या, नवी माणसं चढवायची आणि सोडायचं. पंचवीस मिनिटांत. प्रत्येक गावाने थोडा थोडा वेळ जास्त खाल्ला, तर संध्याकाळची शेवटची फेरी दिवसात बसत नाही.

कंपनीने पाहणीसाठी एक भरलेलं विमान आणायचं ठरवलं. साहेबांनी दोन्ही मुकादमांना बोलावलं. हुकूम काही केला नाही. नुसतं म्हणाले, उद्या जमलं पाहिजे, नाहीतर मग काही नाही. दमाने आणि मास्तर बाहेर आले, थोडं बोलले आणि ठरलं की दोन्ही पाळ्यांनी एकदम यायचं. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतात, तशी ती गोष्ट होती. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. जास्तीच्या पाळीचा पगार कोणी विचारला नाही. दाढ्या करून, धुतलेले कपडे घालून आम्ही दहाच्या दहा हजर झालो.

विमान थांबलं आणि आम्ही पळालो. पोटात दमाने आणि मास्तर दोघं शिरले, एकाने घ्यायचं, दुसऱ्याने रचायचं. बाहेर पट्ट्यावर एकाच्या जागी तिघं. खुर्च्या झाडायला वेगळी माणसं. पंचवीस मिनिटं व्हायच्या आत विमान हललं. त्या दिवशी दमान्यांच्या तोंडून त्यांचा तो शब्द एकदाही आला नाही.

घड्याळवाला पंखाच्या टोकाशी उभा होता. बूट चावत असावेत, कारण तो सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. दमाने खाली उतरले तेव्हा तो जवळ आला आणि त्याने विचारलं, एवढी माणसं रोज असतात का. साहेब धावपट्टीकडे बघायला लागले.

"रोजचीच आहेत," दमाने म्हणाले.

"आणि हा वेग?"

"रोजचाच."

त्यांना धाप लागली होती, तरी आवाजात अभिमान होता. आम्हा सगळ्यांच्याच चेहऱ्यावर तो होता. घड्याळवाल्याने मान हलवली, आभार मानले आणि लिहून घेतलं.

कंपनी आली. सकाळच्या पाळीत तीन फेऱ्या, दुपारनंतर दोन. ती दुपारची दोन विमानं अशी एकामागे एक, की पहिलं हलायच्या आत दुसरं डोक्यावर. सकाळ-संध्याकाळच्या जुन्या कंपनीला या तिकिटांपुढे टिकता येईना, तिने गाशा गुंडाळला. विमानतळ वाचला, गावाला आनंद झाला, साहेबांनी भाड्याची जागा बघणं सोडलं. वेळापत्रक पाहणीच्या दिवसावर बेतलेलं होतं. माणसं मात्र प्रत्येक पाळीला पाचच, आणि खुर्च्या झाडणंही त्या पाचांतच. दहा माणसांनी एकदा केलेलं काम पाच माणसांनी रोज करायचं होतं.

पहिले काही महिने आम्ही ते केलं, कारण करता येतं हे आम्हीच दाखवलं होतं. त्यानंतरचं कारण वेगळं. विमान उशिरा सुटलं की उशीर कोणामुळे झाला हे विचारलं जायचं आणि त्यापुढे कोणाचं तरी नाव लागायचं. हवा, वैमानिक, इंधन, की सामान. सामानापुढे आमचं नाव लागू नये एवढ्यासाठी आम्ही पळायचो. दोन वर्षांत अंगाचं पार चिपाड झालं. मी पट्ट्यावर होतो. बॅग येताना दिसायची आणि हात तिच्याकडे उशिरा जायचे. घरी गेल्यावर बोलावंसं वाटत नसे. सुट्टीच्या दिवशी जास्त दुखायचं, कारण त्या दिवशी दुखायला सवड मिळायची.

दमान्यांचा उजवा खांदा गेला. वहिनी घरी शिवणकाम करायच्या. त्यांनी दमान्यांचा सदरा अडकवायची खुंटी भिंतीवर खाली आणून ठोकली, दांडीपर्यंत हात जात नसे म्हणून. हातात घास घेऊन ते झोपायचे. एकदा वहिनींनी तो घास काढून ताटात ठेवला तर म्हणाले, जाळी लावली का. रचलेल्या बॅगा सरकू नयेत म्हणून विमानाच्या पोटात लावतात ती जाळी. आणि कामावर त्यांच्या तोंडी आता दुसराच शब्द बसला होता. चला, चला, चला. नवीन येणाऱ्याला त्यांचं नाव दमाने का, ते समजेना.

मेहुण्याची गाडी अर्थातच बंद पडली. बहिणीने शब्द टाकला म्हणून दमान्यांनी त्याला आमच्या पाळीत रिकाम्या झालेल्या जागेवर घेतलं. माणूस कामाचा, तोंडाने चालू. बॅगा भरताना म्हणायचा, या बाया पूर्वी माझ्या गाडीत बसायच्या तेव्हा निदान हसायच्या तरी, आता त्यांच्या नुसत्या बॅगाच भेटतात. खांद्यामुळे दमान्यांना आत रचता येईना, तेव्हा त्यांनी मेहुण्याला आत घातलं आणि स्वतः बाहेर राहिले.

आतला माणूस उतरतो तो पट्ट्यावरून. काम संपल्यावर पट्टा थांबवतात, मग बसून घसरत खाली यायचं. त्याला थोडा वेळ लागतो. त्या दिवशी विमान आधीच उशिरा आलेलं. मेहुण्याने जाळी लावली, दमाने खालून चला चला करत होते, पट्टा मागे घेतला गेला आणि मेहुण्याने दारातून सरळ खाली उडी टाकली. टाच फुटली. आम्ही त्याला उचलून बाजूला घेतलं. कोणीतरी सामानाचं दार लावलं, कोणीतरी हात वर केला. विमान वेळेवर गेलं.

दवाखान्यातून सगळे दमान्यांच्या घरी आले तेव्हा मीही होतो. वहिनी मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालत नव्हतं. त्यांनी भावाची चौकशी केली, टाच नीट बसेल का ते विचारलं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "जगाला दमाने दमाने करत फिरलात. माझ्या भावाला तेवढं म्हणायला तोंड नव्हतं का हो?"

 त्यानंतर बरेच दिवस वहिनी त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलत होत्या.

कंपनीचं वेळापत्रक ऋतू बदलताना नव्याने बेततात. त्या वेळी घड्याळवाला पुन्हा येणार असं कळलं. साहेबांनी मुकादमांना बोलावून सांगितलं की मागच्यासारखंच करा, दोन्ही पाळ्या आणा. डोंगरापलीकडच्या विमानतळाने कंपनीला बोलावलंय, शुल्क अजिबात घेणार नाही म्हणतात. इथे काही कमी दिसलं तर विमान तिकडे जाईल. साहेब घाबरवत नव्हते, ते स्वतः घाबरलेले होते.

त्या दुपारी पाळी बदलताना आम्ही सगळे पाण्याच्या टाकीमागे जमलो. मेहुणा सोडून नऊ जण. दमान्यांनी सांगितलं की या वेळी मला दोन्ही पाळ्या आणायच्या नाहीत. पाच माणसांत जेवढं होतं तेवढंच दाखवायचं आणि विचारलं तर खरं सांगायचं. वेळ वाढवून दिला तर बरं. नाही दिला तर कंपनी जाईल आणि आपण सगळे घरी बसू. मी एकट्याने ठरवणार नाही, कारण मागच्या वेळी बोललो तेव्हा तुमच्या सगळ्यांच्या जिवावर बोललो.

मास्तर एरवी चूक काढल्याशिवाय सोडत नसे. या वेळी त्याने एकही चूक काढली नाही. मग म्हणाला, "सांगून टाका. असंही आणखी वर्षभर कोण टिकणार आहे? कंपनी जाण्याआधी आपणच जाऊ."

कोणी विरोध केला नाही. सगळं जाईल किंवा सगळं राहील, असं धरून आम्ही होकार दिला.

पाहणीच्या दिवशी आमचीच पाळी होती. मेहुण्याच्या जागी बदली माणूस धरून पाच. खांदा तसाच असताना दमाने स्वतः आत गेले. आम्ही पळालो नाही. गुडघे मोडून उचललं, हाताला हात देऊन ठेवलं, पट्टा थांबवूनच आतून माणूस उतरवला. प्रवासी शिडीखाली ताटकळले. वैमानिकाने दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं. साहेब येरझारा घालत होते आणि मग एकदम आत निघून गेले. विमान सुटलं तेव्हा चाळीस मिनिटं व्हायला आली होती. मी सांगतो, ते काम चांगलं झालं होतं. त्यात एकही बॅग फेकलेली नव्हती.

घड्याळवाला या वेळी रिकाम्या ट्रॉलीवर बसून होता. दोन वर्षांत त्याचे केस पिकले होते. दमाने त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मागच्या वेळी आम्ही दहा होतो. दोन्ही पाळ्या होत्या. मी तुम्हाला रोजचं म्हणालो, ते खोटं होतं."

घड्याळवाल्याने त्यांना शेजारी बसायला जागा करून दिली. "माहीत आहे," तो म्हणाला. "पाहणीला सगळेच पळतात. जिथे जातो तिथे दाढ्या केलेली माणसं मला भेटतात. म्हणून मी तुमच्या वेळेत दहा मिनिटं वाढवून दिली होती."

"मग ती आम्हाला कशी मिळाली नाहीत?"

"वरच्यांनी काढली. कागदावर जास्तीची दिसली. मिनिटं जास्तीची दिसली की काढायची, हे त्यांचं काम."

तो पुढे बोलला ते थोडक्यात असं. या वेळी मी पंधरा लिहीन, त्यातली पाच ते खातील, दहा तुमच्यापर्यंत येतील. पण ती दहा कुठून तरी येणार. विमानाचा दिवस तेवढाच असतो. कुठून येतील ते मी ठरवत नाही. दमान्यांनी विचारलं की कंपनी जाईल का. तो म्हणाला की इथल्या खुर्च्या भरतात, त्यामुळे जाणार नाही. मग त्याने बूट काढून पाय चोळले आणि आम्हाला विचारलं की गावात चांगला चांभार आहे का.

नवं वेळापत्रक आलं. सकाळच्या तिन्ही फेऱ्या राहिल्या आणि प्रत्येकीला दहा मिनिटं वाढवून मिळाली. दुपारनंतरच्या दोन्ही गेल्या. त्या डोंगरापलीकडे दिल्या. दुसऱ्या पाळीला कामच उरलं नाही, म्हणून पाळी बंद.

निम्मं जाईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टाकीमागे सांगून टाका म्हणणारा मास्तर, त्याचंच काम गेलं. आमच्या पाळीतल्या एकाचंही गेलं नाही.

दमाने साहेबांकडे गेले. म्हणाले, दहाही माणसं ठेवा, आठवड्याआड काम द्या, पगार निम्मा निम्मा वाटून घेऊ. साहेबांनी विचारून सांगतो म्हटलं, आणि खरंच विचारलं. कंपनीची हरकत नव्हती, त्यांना पाच माणसं दिसली की पुरे. मग दमाने मास्तरकडे गेले. मास्तरने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"अर्ध्या पगारात ना तुमचं घर चालेल ना माझं. राहू द्या, दमाने. तुमच्या हिशोबात ही एक चूक आहे."

बाकीच्या चौघांपैकी दोघं गोदामात लागले, एक भावाच्या दुकानावर बसला, एकाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. रस्त्यात भेटले तर ते बोलायचे, पण थांबायचे नाहीत. आमचं काम आता नीट होत होतं. पाठ टेकली की झोप लागायची. वहिनी पुन्हा पहिल्यासारख्या बोलायला लागल्या. दमाने मात्र विमानाच्या दारात बसून पट्टा थांबायची वाट बघत तेव्हा रिकाम्या जागेकडे बघत बसायचे, जिथे दुपारचं विमान लागायचं.

काही आठवड्यांनी मास्तरचा निरोप आला. डोंगरापलीकडच्या विमानतळावर त्याला घेतलं होतं, तो बिऱ्हाड हलवत होता. कपाट लोखंडी आणि जड, जिना अरुंद, दोन माणसं हवीत. दमाने आणि मी गेलो. मेहुणाही काठी टेकत आला आणि टेंपोच्या फळीवर बसून आम्हाला सूचना द्यायला लागला. मास्तर त्याला म्हणाला, तू बसच, तुला उतरायची फार घाई असते.

वर खोलीत फक्त कपाट उरलं होतं. मास्तरची बायको भिंतीवरचे खिळे काढत होती. आम्ही कपाटाभोवती फिरून कुठे धरायचं ते बघितलं. तेव्हा दमान्यांनी विचारलं की तिकडे पाहणी झाली का.

"पुढच्या आठवड्यात आहे," मास्तर म्हणाला. "म्हणून तर लगेच बोलावलंय. माणसं वाढवताहेत."

"मग तिथल्या लोकांना सांग. पळू नका म्हणावं."

मास्तर हसला. "मी? नवा माणूस, पहिल्याच आठवड्यात? त्यांचा विमानतळ आत्ता कुठे सुरू होतोय, दमाने. ते ऐकतील होय?"

"तू तरी पळू नकोस."

"नऊ पळताना मी एकटा चालत राहू?"

 दमान्यांनी खालची बाजू घेतली, डाव्या खांद्यावर. मी मधे, मास्तर वर. जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. मास्तर ते ओढायला लागला, तशी दमान्यांनी ते पायरीवर टेकवायला लावलं. आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. मग मास्तरने वाकून कपाटाची दारं बिजागरीतून काढली आणि आम्ही ते उभं करून, एकेक पायरी, खाली नेलं.